खिळ्यावरचा रंग

चांदीच्या रंगाचा लाकडी मासा दाराजवळच्या खिळ्याला अडकवून काकी दोन पावलं मागं सरली. मान तिरकी करून तिनं त्याच्याकडं पाहिलं, बोटानं जरासा हलवला आणि "झालं" म्हणून ती आत चहा ठेवायला गेली.

तिचा नवरा, सुतार, दाराआड उभा होता. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला तसा तो पुढं झाला. समोर तलावाचं पाणी तांबूस गढूळ झालं होतं. वरच्या अंगाला चांगलाच पाऊस झाला असणार. आभाळ तर डोक्याला टेकेल इतकं खाली आलेलं. अशा पाण्यात आणि अशा उजेडात चांदीचा मासा म्हणजे अंधाऱ्या खोलीतला आरसा, असून नसल्यासारखा. त्यानं तो हलक्या हातानं सोडून खिशात टाकला आणि त्याच्या जागी गर्द पिवळा, पाठीवर पोपटी पट्टा ओढलेला मासा बांधला. मग चोरासारखं एकदा मागं वळून पाहिलं आणि कानस हातात घेऊन बाकावर जाऊन बसला.

थोड्या वेळानं बांधावरून गळवाले उतरू लागले. येणारा जो तो आधी खिळ्याकडं बघायचा आणि मग सुताराला हाक मारायचा.

"आज पिवळा का," कंडक्टर म्हणाला. तो बसवर कंडक्टर होता आणि सुट्टीच्या दिवशी तलावावरही माणसांना पुढं सरकायला सांगत असे. "निघताना मी बायकोला म्हटलंच होतं, आज काकी पिवळा लावणार. तर म्हणते कशी, एवढं कळतं तर एकदा घरी मासा आणून दाखवा."

बाकीचे हसले. काकी चहाचा कप घेऊन दारात आली आणि कशाला हसताहेत हे न कळता तीही हसली. कंडक्टरनं तिला नमस्कार केला. "काकी, तुमच्या डोळ्याला तोड नाही."

सुतारानं मान वर केली नाही. हातातल्या लाकडाला अजून कल्ले कोरायचे होते.

बांधाच्या पायथ्याशी त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान. गळाला लावायचे खोटे मासे तिथं मिळत. मऊ लाकडाचा, बोटाएवढा, पोटाखाली आकडा बसवलेला मासा सुतार घडवायचा. त्याला रंग काकी द्यायची. खरा मासा त्याला भक्ष्य समजून झडप घालतो आणि अडकतो. पण तो आधी दिसला पाहिजे, आणि फार दिसताही कामा नये. सगळी मेख तिथं होती, आणि ती मेख काकीला कळायची.

खिळ्याची रीत तिनंच पाडलेली. सकाळी उठून ती तलावाच्या लाकडी धक्क्यावर जायची आणि दोरीला बांधलेली पांढरी ताटली पाण्यात सोडायची. ताटली किती खोल गेल्यावर दिसेनाशी होते, त्यावरून पाण्याची नितळाई कळे. मग एक नजर आभाळाकडं. मग परत येऊन दुकानातल्या ट्रेमधला एक मासा ती उचलायची आणि दाराजवळच्या खिळ्याला बांधायची. त्या दिवसाचा तो रंग. दुपारी ढग आले, ऊन सरकलं, की हातातलं काम टाकून ती उठायची आणि खिळ्यावरचा रंग बदलायची. अंगात ताप असला तरी, लेक पोटात होती आणि वाकवत नव्हतं तेव्हासुद्धा, हा नेम तिनं मोडला नाही. कोणी देवापुढं दिवा लावतं, तसं ती खिळ्याला रंग लावायची.

नितळ पाणी आणि लख्ख ऊन असलं तर चांदी, नाहीतर फिकट निळा. तिथं भडक रंग म्हणजे मयताला नटूनथटून जाण्यासारखं. गढूळ पाण्यात पिवळा, नाहीतर केशरी. शेवाळलेल्या हिरव्या पाण्यात सोनेरी. दिवस कलला की काळा, कारण खालून बघणाऱ्या माशाला उजळ आभाळावर काळी आकृतीच ठळक दिसते. आणि लाल फक्त काठाला, उथळात.

"लाल पाण्यात सगळ्यात आधी मरतो," ती नव्या माणसाला समजावून सांगायची. "पुरुषभर खोल गेला की तपकिरी, आणखी खाली काळा, मग नाहीच. वरून बघणाऱ्याला वाटतं, काय उठून दिसतोय! पण आपल्याला काय दिसतं ते विचारतंय कोण? माशाला काय दिसतं ते बघायचं."

हे तिनं कुठं वाचलेलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सुतार धक्क्यावर पालथा पडून एकेक मासा दोऱ्यानं पाण्यात सोडायचा आणि ती खाली बुडी मारायची. तळाशी जाऊन, डोळे उघडे ठेवून, वर बघायची. श्वास संपला की वर यायची, धक्क्याला धरून खोकायची आणि सांगायची, निळा दिसला नाही हो, केशरीची नुसती सावली दिसली. डोळे लाल व्हायचे. येणारेजाणारे म्हणायचे, सुताराची बायको माशाच्या पोटी जन्मलीय. त्या उन्हाळ्यात ते दोघं इतके हसले होते, की पुढच्या आयुष्याचंही थोडं हसून घेतलं की काय, असं सुताराला हल्ली वाटे.

दुखणं आलं ते पावलं न वाजवता आलं. आधी ताटलीची दोरी हातातून सुटली आणि ताटली तळाला गेली. दुसरी आणली, तीही गेली. मग एकदा गढूळ पाण्याकडं बघत ती म्हणाली, "चहा उतू गेला वाटतं कुणाचा." त्याला वाटलं, थट्टा करतेय. तो हसला. ती हसली नाही.

डॉक्टर तरुण आणि सरळ होते. त्यांनी सुताराला बाहेर बोलावून सांगितलं की विसरण्याचा हा रस्ता उताराचाच आहे, मध्ये कुठं सपाटी लागली तर ती आपली समजायची, वर चढण्याची आशा धरू नका. शहरातून आलेली लेक तेव्हा बाजूला उभी होती. परत जाताना तिनं आईची नीट व्यवस्था करायचा विषय काढला. अशा माणसांना सांभाळणारी घरं असतात, स्वच्छ असतात, बाया चोवीस तास असतात. सुतार म्हणाला, "अजून रंग लावतेय ती. रंग लावतेय तोवर नको."

"आणि चुकीचा लावला तर?"

"तर मी आहे ना."

तेव्हापासून तो दाराआड उभा राहू लागला. तिनं लावावा आणि आत जावं, की यानं बदलावा. तिनं सांगितलेलं त्याला तोंडपाठ होतं. तिच्यासारखा डोळा नव्हता, पण पाठांतरावरही बरंच निभत होतं. गळवाल्यांच्या टोपल्या रिकाम्या जात नव्हत्या. काकीचं नाव बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शाबूत होतं, आणि ते शाबूत राहणं एवढंच आता सुताराच्या हातात उरलं होतं. तिचे रंग खिशात घेऊन तो दिवसभर वावरायचा. बसताना आकडे मांडीला टोचायचे. टोचू दे, म्हणायचा.

एका दुपारी ती सहज बाहेर आली आणि खिळ्यापाशी थबकली. पिवळा मासा वाऱ्यानं गोल गोल फिरत होता. तिनं तो थांबवला, वर दोऱ्यापर्यंत बोटं नेली आणि तशीच उभी राहिली.

"अहो."

"काय गं?"

"हा मी नाही बांधला."

"तूच बांधलास की सकाळी. विसरलीस."

"गाठ तुमची आहे."

सुताराच्या हातातली कानस थांबली. तिची गाठ सैल असायची, एका टोकानं ओढली की सुटणारी, कारण तिला दिवसातून चारदा रंग बदलायचे असत. त्याची गाठ सुताराची. एकदा बसली की दातानं सोडवावी लागे. रंगाची एवढी काळजी घेतली आणि गाठीचा विचार त्याच्या मनातही आला नव्हता.

ती येऊन त्याच्याशेजारी बाकावर बसली. त्या दिवशी तिचे डोळे पूर्वीसारखे होते. अशी वेळ क्वचित यायची, आणि नेमकी या कामाला आली.

"कधीपासून चाललंय?"

त्यानं कानस बाकावर ठेवली.

"रोज?"

"रोज नाही गं," तो म्हणाला. "कधीकधी तुझाच बरोबर असतो."

धीर द्यायला म्हणून बोललेलं वाक्य दोघांच्या मध्ये दगडासारखं पडून राहिलं. काकीनं ते थोडा वेळ बघितल्यासारखं केलं आणि ती हलकं हसली.

"म्हणजे नाव माझं आणि डोळा तुमचा."

"माझा कुठला डोळा. तू शिकवलंस तेवढं पाठ आहे."

"पाठ असलेलं मला नाही का राहिलं?" तिनं विचारलं. रागानं नाही. पोराला हरवलेली छत्री विचारावी, तसं. मग तिनं त्याच्या हातातला अर्धा कोरलेला मासा घेतला आणि त्याच्या पोटावरून अंगठा फिरवत बोलली, "उद्या मला हे आठवणार नाही. तुम्हाला आठवेल, म्हणून तुम्हाला सांगते. चुकला तरी माझाच राहू द्या. बदललात ना, तर मी गेल्यातच जमा आहे. मग खिळ्याला गाठ मारणारी ती बाई कोण?"

सुतारानं मान डोलावली. तिनं पिवळा सोडायचा प्रयत्न केला, पण गाठ सुटेना. शेवटी त्यानंच दातानं सोडवून दिली.

दुसऱ्या सकाळी तिला खरोखरच काही आठवत नव्हतं. तिनं ट्रेमध्ये हात घातला आणि लाल मासा उचलला. पाणी खोल, आभाळ भरलेलं. सुतार दाराआड न जाता बाकावर बसून राहिला.

त्या दिवसापासून लालच. ऊन असो, ढग असोत, पाणी काचेसारखं असो की चिखल, काकी लाल उचलायची. बाकीचे रंग जणू ट्रेमध्ये नव्हतेच. गळवाल्यांनी पहिले काही दिवस मुकाट लाल बांधला. काकी म्हणतेय म्हणजे काहीतरी असणार. रिकाम्या टोपल्या घेऊन परत जाताना ते एकमेकांना म्हणत, मासेच रुसलेत. मग कोणी वाऱ्याला दोष दिला, कोणी धरणाच्या दारांना. मग हळूच एक जण खिशातून स्वतःचा पिवळा काढून बांधू लागला, दुसऱ्यानं ते पाहिलं, आणि खिळ्याकडं न बघता लोक सरळ धक्क्यावर जाऊ लागले. तोंडावर कोणी बोललं नाही. जाताना "काकी, बरंय ना?" विचारायचे. पूर्वी तिला पाण्याबद्दल विचारत, आता तब्येतीबद्दल.

कंडक्टरनं मात्र एक दिवस सुताराला गाठलं. त्याच्या मेव्हण्यासमोर त्याची फजिती झाली होती. काकीच्या रंगाची बढाई मारून मेव्हण्याला आणलं आणि दिवसभर दोघं गवताच्या काड्या चावत बसले.

"दादा, तुम्हाला कळत नाही असं नाही," तो आवाज खाली आणून म्हणाला. "काकींचं मी समजू शकतो. माझी आजी पण अशीच झाली होती. तुम्ही फक्त मला कानात सांगा, आजचा खरा रंग कोणता."

"खिळ्यावर आहे तो."

"लाल? या पाण्यात?"

"खिळ्यावर आहे तो," सुतार म्हणाला.

कंडक्टरनं त्याच्याकडं पाहिलं. "मासे काय दया म्हणून लागतात का, दादा? त्यांना कोण काकी आणि कोण तुम्ही." मग त्यालाच वाईट वाटलं असावं. त्यानं ट्रेमधला एक लाल मासा विकत घेतला, नीट रुमालात गुंडाळला आणि बांध चढून गेला. पुढच्या सुट्टीला तो पलीकडच्या काठाला दिसला. लांबून हात केला. सुतारानंही केला.

त्या संध्याकाळी सुतारानं विषय काढला. आपण काहीतरी मागतोय असं तिला वाटू नये म्हणून त्यानं कामातून मान वर न करताच विचारलं, लालच का लावतेस रोज?

"दिसतो ना," काकी म्हणाली.

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? मला."

बाहेर उजेड कलत होता. काळ्याची वेळ. सुतारानं हातातलं लाकूड बाजूला ठेवलं. दोरी सुटली, ताटली बुडाली, नावं विसरली, लेकीला परकी बाई समजली, तेव्हाही त्याला कुठंतरी वाटत होतं की आत खोल ती आहे. माशाच्या डोळ्यानं बघणारी. आज त्याला कळलं की तिला आता फक्त स्वतःचे डोळे उरलेत, आणि तेही थोडेच दिवस.

तो सगळं गमावल्यासारखा उठला आणि त्यानं दिवा लावला.

पुढं जे झालं ते भर दुपारचं. तो आत रंगाचे डबे हुडकत होता. बाहेर काकी बसली होती. तो आला तेव्हा बाक रिकामा होता. धक्क्यावर तिच्या चपला होत्या, जोडीनं, नीट लावलेल्या. ती गळ्याइतक्या पाण्यात उभी होती, कपड्यांनिशी, आणि बघता बघता तिनं श्वास घेतला आणि खाली गेली. सुतार धावला. तिला धरून वर आणलं तेव्हा ती खोकत होती, केस तोंडावर आले होते, आणि ती त्याच्यावर चिडली होती.

"सोडा ना. मासा सोडला नाहीत तुम्ही. मी बघत काय बसू तिथं?"

त्यानं तिला तसंच धरून ठेवलं. ती इतक्या वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात एकटीच पोचली होती आणि तिथं वर कोणी पालथं पडलेलं नव्हतं, हे तिला कसं सांगायचं, ते त्याला सुचलं नाही. पाणी त्याच्याही छातीपर्यंत आलं होतं आणि थंड होतं.

लेक दुसऱ्याच दिवशी आली. या वेळी तिनं भांडण केलं नाही. ओले कपडे वाळत घातलेले तिनं पाहिले, चपला पाहिल्या, आणि बापाच्या समोर बसली.

"बाबा, ती बुडाली असती तर तुम्ही जगला असता का?"

"नाही."

"मग माझी दोघंही गेली असती."

रंग लावतेय तोवर नको, असं म्हणायचं सुताराच्या ओठांवर आलं होतं, पण ते त्यानं गिळलं. लेकीनं फोन केले. जागा मिळाली. खोलीला खिडकी आहे, ती म्हणाली, खिडकीतून बाग दिसते. पाणी दिसतं का, सुतारानं विचारलं. लेक म्हणाली, पाणी नसलेलंच बरं.

जायच्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. तलाव कधी नव्हे इतका नितळ. लेक आत पिशवी भरत होती, गाडी बांधावर उभी होती. काकी बाहेर आली, ट्रेमध्ये हात घातला, लाल मासा उचलला आणि खिळ्याला बांधला. सैल, एका टोकानं ओढली की सुटणारी गाठ. बोटं अजून चुकत नव्हती. "झालं," ती म्हणाली.

सुतारानं खिळ्यावरचा दोऱ्याचा वेढा तसाच उचलला. तिची गाठ न सोडता त्यात लांब दोरा ओवला आणि तिचा हात धरून तिला धक्क्याच्या टोकाला, खोल पाण्याकडं नेलं. तो पालथा पडला. गुडघे कुरकुरले. ती शेजारी मांडी घालून बसली आणि वाकून बघू लागली.

त्यानं मासा पाण्यात सोडला.

वरच्या वर तो लालभडक दिसला. काकीनं टाळी वाजवली. हातभर खाली गेला तरी लाल होता. मग विटकरी झाला. दोरा सुताराच्या बोटांतून सरकत राहिला, आणि लाकडाच्या पोटातल्या शिशाच्या वजनानं मासा खाली खाली जात राहिला. तपकिरी झाला. मग नुसता एक काळा ठिपका. मग पाणी.

"गेला," काकी म्हणाली.

"आहे गं. दोरा हातात आहे माझ्या."

तिनं पाण्याकडं पाहिलं, मग त्याच्या हाताकडं, मग परत पाण्याकडं. समजुतीनं, लहान मुलाला सांगावं तसं तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही हो. गेला तो."

"थांब, दाखवतो. वर घेतो."

तो दोरा ओढू लागला. घाई करायची नव्हती, गाठ सैल होती. मागून लेकीची हाक आली. काकी उठली. सुताराला पाठीमागं तिची पावलं ऐकू येत होती, धक्क्याच्या फळ्यांवरून जाणारी, आणि लेकीचा आवाज, सावकाश आई, इथं पाय दे. त्याला वळता आलं असतं. पण हातात दोरा होता आणि खोलातून एक काळा ठिपका वर येत होता. ठिपक्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा विटकरी, आणि पाण्याच्या वर आला तेव्हा तो पुन्हा जसाच्या तसा लाल होता, निथळत होता.

"हा बघ," सुतार म्हणाला.

बांधावर गाडीचं दार लागलं.

तो उठून परत आला तेव्हा दुकानात कोणी नव्हतं. लेकीनं चहाचा कप विसळून पालथा घातला होता. सुतारानं लांब दोरा सोडवून घेतला आणि लाल मासा तिच्याच गाठीनं खिळ्याला अडकवला. गाठीला त्यानं बोट लावलं नाही.

दुपारी ढग आले. पाण्याचा रंग बदलला. खिळ्यावरचा रंग बदलायला कोणी उठलं नाही.